शनिवारपुरती

तीन लाख बारा हजार किलोमीटर.
यॉर्कटनच्या शोरूममधला ट्रेंट म्हणाला,
"बाई, हिनं पृथ्वीला सात-आठ फेऱ्या मारल्यात."
फेऱ्या कसल्या!
घर, हॉकीचं मैदान, घर, दवाखाना, घर.
सगळी पृथ्वी एवढीच.

तिच्यात खोट सापडत नाही, हीच पंचाईत.
उणे चाळीसच्या पहाटे, पापण्या एकमेकींना चिकटतात तेव्हा,
नाकात विजेची वायर खुपसून झोपलेली ती
किल्ली फिरवली की एकदा खोकते,
आणि उठते.
माझा नवरा, होता तोवर,
एकदाही असा उठला नाही.

मागच्या सीटला अजून स्टेफानच्या पॅडचा वास,
गोलकीपरचा, ओल्या कुत्र्यासारखा.
पोरगा तेलाच्या खाणींवर गेला त्याला सहा वर्षं झाली.
वास राहिला.

पण आता माझ्या चोवीस पेट्या आहेत मधमाश्यांच्या,
आणि मधमाश्या सीटवर बसत नाहीत.
एकदा आणल्या होत्या चार पेट्या, जाळीत गुंडाळून.
हमरस्त्यावर एक निसटली,
मग तिच्या बहिणी,
आणि मी चारी काचा खाली करून
गाडीसकट कनोलाच्या पिवळ्या शेतात.

म्हणून पिकअप.
निळा. हौदा कोरा करकरीत,
पाय पसरून निजावं एवढा लांब.
चालवून पाहिला. रिकामाच होता, जरा उड्या मारत होता,
आणि आरशात मागे
नुसतं आभाळ.
ट्रेंटनं कागदावर आकडा लिहिला, कागद माझ्याकडे सरकवला.
माझ्या गाडीकडे त्यानं तेव्हा पाहिलं नाही.
मीही नाही.

हातचं सोडून पळत्यामागे लागू नये म्हणतात.
पण मला अडवतंय ते निराळंच.

अकरा वर्षं मी ओरेस्टचा पिकअप मागून नेते.
गुरुवारी फोन करायचा.
तो म्हणतो, "बघतो."
जसं काही शनिवारी त्याच्या दारात रांग लागणार आहे.
किल्ली कुंपणाच्या खांबावर, कॉफीच्या डब्यात.
संध्याकाळी परत करताना टाकी भरून द्यायची,
सीटवर मधाची बरणी.
मग तो बाहेर येतो, काट्याकडे बघतो, चिडतो:
"एवढं तेल कशाला भरलंस?"
वीस मिनिटं तेलावरून भांडण.
पुढचा तास कशावरूनच नाही.
त्यानं कधी भाडं घेतलं नाही,
मी त्याला कधी फुकट दिलं नाही काही,
आणि हिशेब मिटला नाही तो नाहीच.
मिटू दिला नाही,
दोघांनीही.

आता स्वतःचा पिकअप दारात उभा राहिला
तर मागायला काय जाऊ त्याच्याकडे?
वाटीभर साखर?
नऊ किलोमीटर?

शेवटी सांगून टाकलं.
तो हौद्याच्या फळीवर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता.
धार लावणं थांबवलं नाही.
म्हणाला, "घे की.
ऑक्टोबरात माझे डोळे तपासणार आहेत,
लायसन्स राहील असं वाटत नाही.
आजकाल रात्री खांब दोन दिसतात,
मी मधून जातो."
कुऱ्हाड उलटी केली.
"मग गुरुवारी मी फोन करीन.
तू म्हणायचं, बघते."

मी काही बोलले नाही.
हौद्यात त्याच्या शेजारी बसले,
गंज स्कर्टला लागला, लागू दिला.
त्या दिवशी तेलावरून भांडायचं राहून गेलं.

ट्रेंटचा कागद अजून माझ्याच गाडीत आहे,
दस्तान्यांखाली.
सोमवारी त्याचा फोन आला,
बाई, काय ठरलं?

म्हटलं,
बघते.